भिंतीला पाणी कोण घालतं

१२ नोव्हेंबर

आज कामाला सुरुवात झाली. मिस्त्री सकाळीच आला, घरभर फिरला, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाई, घर आजारी आहे, पण वाचेल." मी रोज प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते, पण इतक्या पटकन निदान मलाही जमत नाही.

मग त्याने विचारलं, "साहेब कुठायत?"

"बाहेरगावी असतात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

हा, माझा नवरा, एप्रिलमध्ये गेला. दोघांनी मिळून घर पाहिलं होतं, सौदा ठरवला होता. आणि कागद व्हायच्या आत एका दुपारी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी तरीही घर घेतलं. दादा अजून म्हणतो, वेडेपणा केलास, विकून टाक आणि आमच्याकडे ये. आता हे सगळं मिस्त्रीला पहिल्याच दिवशी कुठे सांगत बसू? शिवाय बाई एकटी आहे म्हटलं की वीटसुद्धा वाकडी बसते.

काम होईपर्यंत मी भाड्याच्या खोलीतच राहणार. सकाळची ड्यूटी संपली की दुपारी घरावर जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. थंडीत अंधारही लवकर पडतो.

१५ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर एक लहान खोली आहे. तिला खिडकी नाही. भिंती काळ्या, छतही काळं. कोणी रंगवली, कशाला रंगवली, देव जाणे. ज्या माणसाने घर विकलं तो भलताच घाईत होता. "वडील आता आमच्याकडेच राहतात, जुनं काही विचारू नका," एवढंच म्हणाला. पुढच्या मोठ्या खोलीत काहीतरी धंदा चालायचा म्हणे.

आम्ही पाहायला आलो तेव्हा हा त्या काळ्या खोलीत शिरला आणि आतून ओरडला, "ही माझी! पूर्वेला खिडकी पाडायची, टेबल टाकायचं आणि तू हाक मारलीस तरी ऐकू आलं नाही म्हणायचं." मी दारात उभी होते. आत नुसता आवाज, माणूस दिसत नव्हता.

मिस्त्रीला सांगितलं, पहिलं काम हे. पूर्वेची भिंत फोडून खिडकी काढ.

१९ नोव्हेंबर

खिडकी झालेली नाही. विचारलं तर मिस्त्री म्हणतो, "मोठ्यांनी नको म्हटलं."

मोठा म्हणजे आमचा दादा. कामाचं सगळं बोलणं त्यानेच ठरवून दिलंय, फोनवर मिस्त्रीला सूचना देत असणार. मी तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"दादा, माझ्या घरात तू लुडबुड करू नकोस."

"मी काय केलं?"

"खिडकी नको म्हणालास ना मिस्त्रीला?"

"अगं ठमे, कुठली खिडकी? मला तुझ्या घराला दारं किती ते माहीत नाही."

मी फोन ठेवला. लहानपणीही असंच करायचा. बरणीतला खाऊ खाऊन वर हात झटकून दाखवायचा.

२५ नोव्हेंबर

खालच्या खोल्यांचा गिलावा झाला. नव्या गिलाव्याला दिवसातून दोनतीनदा पाणी मारायचं असतं, नाहीतर भिंत तडकते. कामाच्या दिवशी मिस्त्रीची माणसं मारतात. रविवारी सुट्टी, म्हणून ते माझ्याकडे. काल अंगात कणकण होती, मी झोपून राहिले आणि पार विसरले. आज जीव मुठीत धरून गेले.

भिंत ओली होती. नुसती दमट नाही, वरपासून खालपर्यंत गडद ओली, फरशीवर थारोळं. बादली जागेवर, मग तिच्यात उपडा.

मिस्त्रीला विचारलं, काल आला होतास? म्हणाला, "मी बहिणीकडे होतो बाई. का, काय झालं?" काही नाही म्हटलं. त्या भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभी होते. इतकी गार होती की हात बधिर झाला.

३० नोव्हेंबर

वेताची खुर्ची मी पुढच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली होती, वर जुनी चादर टाकून. आज खुर्ची खिडकीपाशी, ऊन येतं तिथे. चादर घडी करून शेजारी.

ती घडी पाहून मी खाली बसले. टोकाला टोक जुळवून, मध्ये एक सुरकुती नाही. हा चादर अशीच घडी करायचा. मी बोळा करून कपाटात कोंबायची आणि हा ती बाहेर काढून पुन्हा घडी करायचा, एक शब्द न बोलता. तो न बोललेला शब्द मला भांडणापेक्षा जास्त लागायचा.

घरात कामगार असतात, कोणीही केली असेल. मी वेडी नाही. पण खुर्ची परत कोपऱ्यात नेली नाही.

५ डिसेंबर

सकाळी ड्यूटीवर जाताना घरावर थांबले आणि चहाचा थर्मास वरच्या पायरीवर ठेवला. मिस्त्रीला सांगितलं नाही. कुणासाठी ठेवतेय हे स्वतःलाही सांगितलं नाही.

दुपारी थर्मास रिकामा. झाकण धुऊन पालथं घातलेलं.

ह्याने जन्मात कधी स्वतःचा कप विसळला नाही. मेल्यावर माणूस सुधारत असेल.

हे लिहिलं आणि मोठ्याने हसले. मग खोलीतला दिवा बंद करायचं धाडस झालं नाही.

११ डिसेंबर

आज मिस्त्रीची माणसं दुपारीच गेली, वाळू आली नाही म्हणून. मी खाली फरशीवरचे सिमेंटचे डाग खरवडत होते. वर कोणीतरी चालत होतं.

हळू. एक पाऊल, थांबायचं, दुसरं पाऊल. मग खोकला. घसा साफ करून मग नीट खोकतात तसा.

मी जिना चढायला लागले. आता इथे खरं लिहायला हवं, निदान इथे तरी. मी मुद्दाम हळू चढले. प्रत्येक पायरीवर पाय आपटला. कोणी असेल तर त्याला जायला वेळ मिळावा म्हणून. मागच्या बाजूने बाहेर उतरायला लोखंडी जिना आहे, त्यावर काहीतरी वाजलं. मी वर पोचले तेव्हा कोणी नव्हतं. काळ्या खोलीचं दार उघडं होतं.

मी दारातूनच म्हटलं, "थंडी आहे. स्वेटर घालत जा."

१८ डिसेंबर

दादा आला होता. न सांगता. वहिनीने स्वेटर विणून पाठवलाय, मोरपंखी. दादाने घर पाहिलं, चांगलं होतंय म्हणाला. मग त्याची नजर पायरीवरच्या थर्मासवर आणि दोन कपांवर गेली.

"दुसरा कोणाचा?"

"मिस्त्रीचा."

मिस्त्री नेमका तेव्हाच आला आणि म्हणाला, "मी चहा सोडला बाई, पित्त होतं."

दादाने मला खुणेने बोलावलं. बाहेर अंगणात गेल्यावर म्हणाला, "ठमे, तू रडलीच नाहीस गं. स्मशानातून आल्यापासून मी बघतोय. वहिनीने मागची खोली रिकामी करून ठेवलीय. थोडे दिवस तरी ये."

"माझी काळजी करण्यापेक्षा मिस्त्रीला उलटसुलट सांगणं बंद कर."

"मी त्याला काही सांगत नाही."

"मग कोण सांगतं?"

 तो म्हणाला, "तेच विचारतोय मी." आणि स्कूटर काढली. निघताना हेल्मेटचा पट्टा त्याला बराच वेळ लागेना. म्हातारा झाला दादा.

२६ डिसेंबर

आता मी घरात बोलते. माणसं गेल्यावर. आज लॅबमध्ये काय झालं, कोणाचं साखरेचं प्रमाण बघून डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, असलं काहीबाही. उत्तर येत नाही. पण घरात कोणीतरी ऐकतंय आणि ऐकून न ऐकल्यासारखं करतंय असं वाटतं. लग्न झाल्यापासून मला ह्याच गोष्टीची सवय आहे.

खिडकी अजून झालेली नाही. मीही आता घाई करत नाही.

२ जानेवारी

लॅबमधलं मोठं मशीन बिघडलं, आम्हाला सकाळीच सोडलं. सरळ घरावर आले. फरशा यायच्या होत्या म्हणून मिस्त्रीची माणसं नव्हती.

वरून आवाज येत होता. टक. थांबून पुन्हा टक, टक. भिंतीच्या आतून कोणी दार ठोठावतंय तसा.

आज पाय आपटले नाहीत. चप्पल खालीच काढली आणि अनवाणी वर गेले. फरशी बर्फासारखी होती. काळ्या खोलीच्या शेजारच्या खोलीचं दार लोटलेलं. आवाज तिथून. माझं काळीज इतकं जोरात उडत होतं की टक कुठली आणि धडधड कुठली ते कळेना. दाराला हात लावून मी म्हटलं, "आलास?"

आवाज थांबला.

"आलो केव्हाच," आतून उत्तर आलं. "तुम्ही कोण?"

मी दार ढकललं. एक म्हातारा. कानटोपी, मफलर, पायात लोकरी मोजे. हातात एक नाणं. त्या नाण्याने तो गिलावा ठोकून बघत होता.

"इथे पोकळ आहे," तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला. "मिस्त्रीला सांगा, खरवडून पुन्हा कर म्हणावं. मी सांगितलं होतं, ऐकत नाही तो."

"तुम्ही... इथे..."

"हे माझं घर आहे. मुलगा म्हणाला होता, दुरुस्तीवर एक बाई नेमल्यात देखरेखीला. त्या तुम्हीच ना? मग सकाळी कुठे असता हो? मी येत नसतो तर ह्या भिंती एव्हाना तडकून गेल्या असत्या. रविवारीसुद्धा पाणी मारलंय मी, ह्या गुडघ्यांनी. आणि चहात साखर कमी घाला. थंडीत बरा लागतो, पण पाक झालेला असतो."

मी हो म्हटलं की नुसती मान हलवली, आठवत नाही. त्यांनी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"बाहेरगावी असतात," मी म्हटलं.

३ जानेवारी

दिवसभर कुणाशी बोलले नाही. लॅबमध्ये एकीचा हात धरून सुई टोचली आणि ती कळवळली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

मला त्या माणसाचा राग आलाय. माझ्या घरात चोरून येतात म्हणून असायला हवा. पण ते नाही. चादरीची घडी त्यांची. ओली भिंत त्यांची. पालथं घातलेलं झाकण त्यांचं. खोकला त्यांचा. सगळं एकेक करून परत द्यावं लागलं. माझ्याकडे काही उरलं नाही.

"मोठे" पण तेच. मिस्त्रीला ते माझे सासरे वाटत असणार. दादाची माफी मागायला हवी. मागेन.

६ जानेवारी

विकणाऱ्याकडे गेले. उंच इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. वडील औषध आणायला खाली गेले होते. मी सगळं सांगितल्यावर तो दार लावून हळू आवाजात बोलायला लागला.

"बाबांना खरं सांगितलं असतं तर ते जागचे हलले नसते. जिन्यावरून पडलेत हो ते, कंबरेला लागलंय. घर काही वर्षांपूर्वीच त्यांनी माझ्या नावावर केलं होतं. दुरुस्ती काढलीय म्हटलं, तेव्हा कुठे इथे आले. रुळतील, मग सांगू म्हटलं."

"ते रुळले नाहीत. रोज माझ्याकडे येतात."

"मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे राहिली वाटतं. तुम्ही कुलूप बदला ना."

त्याची बायको ओट्यापाशी उभी होती. ती पाठमोरीच म्हणाली, "मला माहीत होतं. संध्याकाळी येऊन सांगतात, आज पुढची खोली झाली, आज जिना झाला. दोन घास जास्त जेवतात. मी कोणत्या तोंडाने अडवू?"

कुलपाच्या दुकानावरून आले. आत गेले नाही.

१५ जानेवारी

आता दुपारी थांबतात ते माझ्यासाठी. मी साखर कमी घालते.

पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. काळी खोली म्हणजे फोटो धुवायची. "तिथे उजेडाचा एक कवडसा आला की दिवसाची मेहनत वाया," म्हणाले. "म्हणून मिस्त्रीला म्हटलं, खिडकी नको. कोणत्या अर्धवटाने सांगितलं होतं खिडकी पाडायला?"

"होता एक," मी म्हटलं.

मी त्यांना काका म्हणते. ते मला "अहो देखरेख" म्हणतात. तोंडाने फटकळ आहेत, मिस्त्रीवर डाफरतात, माझ्या चहाला नावं ठेवतात आणि दोन कप पितात. मी दुपार व्हायची वाट बघत असते.

२४ जानेवारी

दादाची माफी मागितली. सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल.

"म्हणजे त्यांच्या पोराने फसवलं आणि आता तूही फसवतेस," तो म्हणाला.

"मी काय फसवते? चहा देते फक्त."

"आणि मिस्टर बाहेरगावी आहेत म्हणून सांगतेस."

"तेवढंच."

"ठमे, ते म्हणतायत दुरुस्ती झाली की परत यायचं. तू म्हणतेस बाहेरगावचा माणूस परत येणार. मग तुम्ही दोघं तिथे बसून करता काय?"

दादा कधी कधी फार लागेल असं बोलतो. फोन ठेवल्यावर मी पुढच्या खोलीचा रंग ठरवला. म्हणजे काकांनीच ठरवला होता, फिक्का आकाशी, पूर्वी होता तोच. मी फक्त मिस्त्रीला सांगितला.

३ फेब्रुवारी

आज रंगाचा शेवटचा हात. काका खुर्चीत बसून बघत होते. एकदम म्हणाले, "रविवारी टेम्पो सांगितलाय. पलंग आणि पेटी तेवढी आणतो. बाकीचं मुलगा आणेल सावकाश. तुमचंही काम संपलं, आता मिस्टरांना बोलवून घ्या, किती दिवस एकट्या राहाल?"

मिस्त्री शिडीवरून म्हणाला, "बाई, म्हणजे दोघं मिळून येतायत की काय राहायला?"

मी हसले. नेहमीसारखी.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर विणलेला स्वेटर घालून बसले तरी कुडकुडत होते.

८ फेब्रुवारी

आज शनिवार. सांगितलं.

ते वरच्या खोलीत पलंग कुठे टाकायचा ते पावलांनी मोजत होते. मी दारात उभी राहिले. मनात शंभरदा घोकलेलं वाक्य सापडेना. शेवटी भलतंच निघालं.

"काका, माझे मिस्टर बाहेरगावी नाहीत. ते वारलेत. एप्रिलमध्ये."

ते थांबले. "अरे," म्हणाले. "अहो, मग आजवर बोलला नाहीत?"

"नाही बोलले. खोटं बोलले."

"का हो?"

"एकदा बोलून गेले. मग तसंच बरं वाटायला लागलं."

ते माझ्याकडे यायला लागले, मला बसवायला. मी म्हटलं, "थांबा. अजून आहे. मी देखरेखीची बाई नाही. हे घर आम्ही दोघांनी ठरवलं होतं, मी विकत घेतलंय. तुमच्या मुलाकडून. ऑक्टोबरमध्ये कागद झाले."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "विकत म्हणजे?" म्हणाले. मग कळलं. चेहरा तसाच राहिला, फक्त आतून दिवा काढून नेला तसं झालं.

"तुझ्याच नावावर करतो म्हटलं होतं मी त्याला. नाहीतरी तुझंच आहे म्हटलं." हे माझ्याशी नव्हतं. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं? मला माहीत नाही हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रंग विचारत होतात मला."

मी दारातून बाजूला झाले. 

ते खाली गेले. एरवी जिना उतरताना भिंतीला हात लावत उतरायचे. आज कठडा धरून उतरले, परक्या घरात उतरतात तसे. खाली मिस्त्रीने विचारलं, "मोठे, उद्या टेम्पो कितीला?" ते थांबले नाहीत.

१० फेब्रुवारी

विकणाऱ्याचा फोन. आधी ओरडला, तुम्ही का सांगितलंत, कोणी सांगितलं होतं सांगायला. मग आवाज बसला त्याचा. बाबा बोलत नाहीत, म्हणाला. जेवायला बसतात, ताट बघतात, उठतात. माझ्याकडे बघतही नाहीत. मी काय करू, तुम्हीच सांगा.

त्याचा राग करावा असं ठरवून बसले होते. जमलं नाही.

१४ फेब्रुवारी

त्यांच्याकडे जाऊन आले. सुनेने दार उघडलं आणि न बोलता आतल्या खोलीकडे बोट केलं. लहान खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. पलंगाखाली कपड्यांची गाठोडी, सुतळीने बांधलेली. आल्यापासून सोडलेलीच नव्हती. कशाला सोडतील? परत जायचं होतं.

मी स्टुलावर बसले. माफी मागायची होती, पण त्यांच्या पाठीकडे बघून धीर झाला नाही. म्हटलं, "उद्या काळ्या खोलीला खिडकी पाडतोय. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सांगायला आले."

 पाठ म्हणाली, "कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला."

"लोखंडी पट्टी आहे तिथे. मी घातलेली. छताचा भार तिच्यावर आहे. आधी टेकू द्या, मग हात लावा. नाहीतर सगळं अंगावर घ्याल."

"बघायला या ना."

"नाही."

"काका, मी..."

"नको हो आता," ते म्हणाले. रागावून नाही. फार दमून.

मी उठले. चप्पल घालत होते तेव्हा आतून हाक ऐकू आली. "सूनबाई, कपाटातला एक कप्पा रिकामा करून दे गं. आणि कात्री आण, सुतळी कापायला." सून हातातलं फडकं तोंडाला लावून तशीच उभी राहिली. मी दार ओढून घेतलं.

१५ फेब्रुवारी

पट्टी होती. त्यांनी सांगितली तिथेच. टेकू देऊन मिस्त्रीने सांभाळून काम केलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत वीतभर भोक पडलं आणि त्यातून ऊन आत आलं, धुळीने भरलेलं, सरळ समोरच्या भिंतीवर. इतकी वर्षं ती भिंत कोणी दिवसा पाहिलीच नसेल. मिस्त्री छिन्नी खाली ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "मोठे येणार नाहीत का आता?"

"नाही."

"मला सासरे वाटले तुमचे."

"हो. कळलं मला."

"आणि साहेब?"

मी सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि नको इतका वेळ हात झटकत राहिला.

२१ फेब्रुवारी

सामान काल आलं. मिस्त्री आज हिशोब मिटवून गेला, गिलाव्याचे दोन डाग पुसायचे राहिले होते ते जाता जाता पुसले. दार लावून मी मागे वळले आणि घर पहिल्यांदा एकटीला मिळालं.

खालच्या खोल्यांतून फिरले. वर गेले. कान देऊन उभी राहिले, सवयीने. जिन्यावर काही नाही. गच्चीवर काही नाही. नव्या खिडकीतून बाहेरचा आवाज येत होता, कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं. मी ह्याला नावाने हाक मारली. लग्नानंतर मोठ्याने नाव घेतलंच नव्हतं कधी, "अरे" नाहीतर "ऐकलंस का". आवाज रिकाम्या खोलीत फिरून परत आला. माझाच. अजून एकदा मारली. थांबले.

घरात कोणी नव्हतं.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि दादाला फोन लावला. त्याने उचलला, "बोल गं, लागलं का सामान?" म्हणाला.

"दादा," मी म्हटलं, "तो गेला रे."

 पलीकडून वहिनीचा आवाज आला, कोण आहे, काय झालं. मग दादा म्हणाला, "हो गं ठमे. गेला." त्याचाही आवाज फुटला होता. "रड तू. मी निघालोच."